हातमोजे

पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या उन्हात मी गरम कपडे गच्चीवर टाकते. वास्कोच्या दमट हवेत लोकरीला बुरशी धरायला वेळ लागत नाही. त्या कपड्यांत राखाडी लोकरीचे दोन हातमोजे आहेत. चार बोटांना एकच घर, अंगठा तेवढा सुटा. उजव्याचा अंगठा तांबड्या लोकरीनं रफू केलेला. ते माझे नाहीत.

ज्यांचे आहेत त्यांना मी मनातल्या मनात तांडेल म्हणत असे. आमच्या मालवणात होडी ज्याच्या भरवशावर समुद्रात जाते तो तांडेल. माझे आजोबा तांडेल होते. हे मात्र नॉर्वेचे, साठीच्या घरातले, कमी बोलणारे. स्वालबार्डमधल्या न्यी-ओलेसुन या वस्तीत ते संशोधकांची बोट चालवायचे. पूर्वी ही कोळसा खाणीची वस्ती. 1962 साली खाणीत स्फोट होऊन 21 कामगार गेले आणि पुढच्या वर्षी खाण बंद झाली. आता तिथे देशोदेशींची संशोधन केंद्रं आहेत. आपलं ‘हिमाद्री’ 2008 साली सुरू झालं. गोव्यातल्या आमच्या संस्थेकडून मी तिथे गेले होते, पहिल्यांदाच.

काम सोपं होतं. कोंग्सफियोर्ड या खाडीतून बोटीनं क्रोनेब्रीन हिमनदीच्या तोंडाजवळ जायचं, दोरीला बांधलेलं यंत्र खोल सोडायचं आणि पाण्याचं तापमान नि खारटपणा टिपायचा. अटलांटिकचं कोमट पाणी या खाडीत शिरतं आणि हिमनदीला पाण्याखालून वितळवतं. ते पाणी कुठवर पोचलंय, हे आम्हाला हवं होतं.

ऑगस्ट असला तरी वारा हाडांत शिरत होता. यंत्राची बारीक कडी जाड हातमोज्यांत धरता येईना, म्हणून मी मोजे काढले. पाच मिनिटांत बोटं लाकडासारखी झाली. कडी कशीबशी बसवली, यंत्र पाण्यात सोडलं आणि दोरी हातातून सटासट सुटली. दोरीचं दुसरं टोक बोटीला बांधायला मी विसरले होते. पूर्ण मोहिमेत तेवढं एकच यंत्र होतं आमच्याकडे.

दोरी संपली आणि बोटीला हिसका बसला. टोक मागच्या कडीला बांधलेलं होतं. मी यंत्राशी झटत असताना त्यांनी न सांगता गाठ मारून ठेवली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते दोरी ओढायला लागले होते.

यंत्र वर आल्यावर त्यांनी माझे हात पाहिले. स्वतःच्या हातातले मोजे काढून माझ्या हातांत चढवले, लहान मुलाला घालावेत तसे, अंगठा नीट बसवून. लोकरीत त्यांच्या हातांची ऊब होती. मला रडू आलं, आणि ते थंडीमुळे नव्हतं.

मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, “आता ऐक.”

तोवर मी आकड्यांपलीकडे काही पाहिलंच नव्हतं. समोर निळसर बर्फाची भिंत उभी होती, मागे ‘तीन मुकुट’ म्हणतात ती शिखरं. हिमनदीच्या पोटातून येणाऱ्या गाळानं पाणी तांबूस झालं होतं. त्या पाण्याबरोबर खालचे बारीक जीव वर येतात, म्हणून भिंतीच्या पायाशी किटिवेक पक्ष्यांची झुंबड होती. आणि चहूकडून तडतड ऐकू येत होती, तेलात मोहरी पडावी तशी. तरंगणारे बर्फाचे तुकडे वितळताना त्यांत शेकडो वर्षं कोंडलेली हवा फुटून बाहेर पडत होती.

तेवढ्यात भिंतीचा एक सुळका खचला. आधी दिसलं, गडगडाट मागाहून आला. त्यांनी इंजिन सुरू करून बोटीची नाळ लाटेकडे वळवली. आम्ही लांब होतो, तरी बोट चांगलीच उचलली गेली. आजोबाही असंच करत. लाटेला पाठ दाखवायची नाही, एवढंच सांगत.

परतताना त्यांनी उजवीकडे ब्लोमस्ट्रांड दाखवलं. नकाशावर त्याचं नाव अजूनही द्वीपकल्प असंच आहे. पण त्याला जमिनीशी जोडणारी हिमनदी मागे हटली आणि ते बेट असल्याचं उघड झालं. “मी पहिल्यांदा आलो तेव्हा तिथे बर्फ होता,” ते म्हणाले. एका हातानं सुकाणू, दुसरा हात काखेत. मग हात बदलायचे. वस्ती येईपर्यंत त्यांनी मोजे परत मागितले नाहीत, आणि मला काढून देण्याचं सुचलं नाही.

त्या वस्तीत दारांना कुलपं लावत नाहीत. अस्वल आलं तर कुणालाही जवळच्या घरात शिरता यावं म्हणून. निघायच्या आदल्या रात्री, म्हणजे लख्ख उन्हातच, मोजे द्यायला गेले. त्यांनी ते हातात घेतले, रफूवरून अंगठा फिरवला आणि परत दिले. “बायकोनं विणलेत,” म्हणाले. “ती असती तर तुलाच दिले असते तिनं.”

माझ्या तोंडून आभाराचा शब्द फुटला नाही. यंत्राची गोष्ट त्यांनी वस्तीत कुणाला सांगितली नव्हती. मोहीमप्रमुखांना ती मीच गोव्यात परतल्यावर सांगितली.

परवा मोजे उलटे करून वाळत घातले. आतल्या बाजूला तांबड्या लोकरीची शेवटची गाठ दिसते, बारीक नि घट्ट. ऊन कलेपर्यंत मी गच्चीवरच बसून होते.