तीन आजोळं

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात नान्नज येतं. द्राक्षवाल्यांमध्ये या गावाचं नाव मानानं घेतात, कारण 'सोनाका' हे वाण इथलं. थॉमसन सीडलेसमध्ये आपसूक झालेला एक बदल नानासाहेब काळ्यांनी हेरला, ती काडी वेगळी काढली, वाढवली आणि कलमाकलमानं ती महाराष्ट्रभर गेली. हेरणं हा शब्द इथे मला फार आवडतो. बागेत हजारो घड लोंबत असताना एकाचे मणी जरा लांबट आहेत हे दिसायला नुसते डोळे पुरत नाहीत, त्या बागेत वर्षानुवर्षं वावरावं लागतं. आता सोनाकाची बाग सोलापुरात पाहा की सांगलीत, तिथली प्रत्येक वेल आतून त्या एका काडीचीच असते.

त्याच गावाच्या शिवारात माळ आहे. पावसाळा सरता सरता तिथे गुडघाभर गवत असतं, कुसळं पायजम्याला चिकटून घरापर्यंत येतात. टिटवी उगीचच आरडाओरडा करते, चंडोल सरळ वर चढत गात राहतो आणि लांबवर काळविटांचा कळप माना वर करून तुमची दखल घेतो. या माळाचा खरा मालक माळढोक. माणसाच्या कमरेच्या वर पोचणारा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडू शकणाऱ्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक. १९७९ साली त्याच्यासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात शेतं आली, गावं आली, तालुक्याची ठिकाणंसुद्धा आली. पुढे २०१२ मध्ये ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. आज नान्नजला माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. मी जेव्हा जेव्हा गेलो, मला दिसलेला नाही.

म्हणून मी त्याच्याबद्दल वाचत राहिलो. न दिसणाऱ्या पक्ष्याशी ओळख वाढवायचा तेवढाच मार्ग. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला फराह इश्तियाक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास हाती लागला तेव्हा पहिल्यांदा मी चक्रावलो. माळढोक उरला होता अशा पाच राज्यांतले नमुने घेऊन त्यांनी माइटोकॉन्ड्रियाचा डीएनए तपासला होता. हा डीएनए फक्त आईकडून येतो. आईला तो आजीकडून, आजीला पणजीकडून. बापाचा त्यात काही वाटा नाही. त्यामुळे तो वाचला की प्रत्येक पाखराचं आजोळ कळतं. इतक्या मोठ्या देशातल्या माळढोकांची आजोळं निघाली किती? तीन. राजस्थानच्या थारपासून दख्खनच्या माळापर्यंत फिरून शेवटी तीनच.

नवल म्हणजे या आटण्याची सुरुवात आपण केली नव्हती. त्या अभ्यासाचा अंदाज असा की या पक्ष्याची संख्या हजारो वर्षांपूर्वीच एकदा मोठी घसरली असावी, तेव्हा ना बंदूक होती, ना जीपगाडी, ना वीज. हे वाचून मला क्षणभर हायसं वाटलं, ते खोटं का म्हणू? पण ज्याच्या गाठीला आधीच कमी आहे त्याला लुटणं जास्त वाईट, एवढं कळायला जनुकशास्त्र लागत नाही. १९६९ मध्ये पक्षीतज्ज्ञ धर्मकुमारसिंहजींनी देशभरात १२६० माळढोक असावेत असा अंदाज बांधला होता. आज दीडशेच्या आसपास म्हणतात, आणि त्यातले बहुतेक जैसलमेरकडे.

हा दीडशेचा आकडासुद्धा फसवाच आहे. विणीच्या काळात नर ठरलेल्या उंचवट्यावर येतो, गळ्याची पिशवी पार पायांपर्यंत फुगवतो, शेपूट पाठीवर उलटी टाकतो आणि घुमतो. तो घुमारा लांबवर ऐकू जातो. मादी येते, पाहते, निवडते. अशा व्यवस्थेत मोजक्या नरांचाच वंश चालतो, बाकीचे नुसते नाचून जातात. म्हणजे शंभर पक्षी मोजले तरी पुढच्या पिढीत ज्यांचं काही उतरतं ते थोडेच. शिवाय मादी एका वेळी अंडं घालते एक. ते जमिनीवर, उघड्यावर. कुत्रं, मुंगूस, कावळा, कुणीही यावं. एखाद्या मादीत काही निराळं असेल, एखाद्या रोगाला पुरून उरण्याची ताकद म्हणा, एखादा दुष्काळ काढण्याची, आणि तिचं अंडं त्या वर्षी गेलं, पुढच्या वर्षी ती स्वतः तारेवर आदळून गेली, तर ते निराळेपण संपलं. कुणी मारायला हवं असं नाही. लहान कळपात नुसतं नशीबच एकेक गोष्ट गाळत जातं.

आणि मोठ्या कळपातसुद्धा नवं काही जन्माला यायला फार काळ लागतो. बागायतदाराला एक वेगळी काडी सापडली की पुरे, बाकीचं कलमाची सुरी करते. पक्ष्याचं कलम होत नाही. त्याला सगळे सारखे असून चालत नाही. सोनाकावर उद्या नवा रोग आला तर माणूस फवारा घेऊन उभा राहील. माळढोकावर आला, तर फवारा त्याच्या रक्तातच कुठेतरी असावा लागेल. तीन आजोळांच्या रक्तात तो असेलच असं नाही.

तारांचं वर आलंच आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचं दिसतं ते अरुंद पट्ट्यात. उडताना तो मान खाली घालून जमीन न्याहाळतो, आणि त्या वेळी समोरची बाजू त्याच्यासाठी आंधळी होते. वजन असं की ऐनवेळी वळता येत नाही. थारमधल्या वाऱ्या-उन्हातून निघणारी वीज याच तारांनी शहराकडे येते, आणि तिला आपण स्वच्छ म्हणतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तारा जमिनीखाली घालायचा आदेश २०२१ मध्ये झाला, २०२४ मध्ये तो सौम्य झाला. त्यात मी शिरत नाही.

मला जास्त राग आहे तो 'पडीक' म्हणून माळाकडे पाहण्याचा. गवत म्हणजे काहीच नाही, झाड लावलं की काहीतरी झालं, असा आपला हिशोब. नान्नजच्या गवतातही एकेकाळी वनीकरण म्हणून ग्लिरिसिडिया लावला गेला. उघड्यावर लांबपर्यंत पाहत जगणाऱ्या पक्ष्याच्या घरात आपण कौतुकानं पडदे लावले. उरलेलं काम उसानं केलं. पूर्वीची रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा त्याला परकी नव्हती, तो त्यात किडे, टोळ टिपत फिरायचा. डोक्याएवढ्या उसात तो काय करणार?

तिकडे जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथे मात्र भलतीच लगबग आहे. रानातली अंडी उचलून यंत्रात उबवायची, पिल्लं हातानं वाढवायची, असं काम २०१९ पासून चाललंय. २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू बाहेर आलं. आता तिथे प्रत्येक जोडी लावताना कोण कुणाच्या किती नात्यातलं हे पाहणं भाग आहे, कारण मुळात आलेल्या अंड्यांत जेवढं होतं त्यापलीकडचं काही पिंजऱ्यात तयार होणार नाही. त्या माणसांच्या चिकाटीला मी हात जोडतो. शंका राहते ती वेगळीच. माळढोकाचं पिल्लू उडायला लागल्यावरही कितीतरी महिने आईच्या मागे मागे असतं. कुठल्या सावलीला बसायचं, कोल्हा दिसला की काय करायचं, हे ते तिच्याकडून उचलतं. हे डीएनएत लिहिलेलं नसतं आणि यंत्रालाही शिकवता येत नाही.

आजोळं शोधणाऱ्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. प्रदेशानुसार या पक्ष्यांत फरक सापडला नव्हता. निदान त्या चाचणीपुरतं तरी, थारचा माळढोक आणि सोलापूरचा माळढोक निराळे नाहीत. म्हणजे उद्या तिकडची पिल्लं इकडच्या माळावर सोडायचं ठरलं, तर रक्त आड येणार नाही.

माळाच्या कडेला बाग असलेल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराला मी हे सांगितलं. त्यांच्या तरणेपणी माळढोक त्यांच्या ज्वारीत यायचे, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलेलं. "मामा, राजस्थानची पाखरं इथं आणून सोडली तर?"

त्यांनी घडाला लावलेला कागद नीट केला. "आणा की. कोण नको म्हणतंय? पाखरू गरीब असतंय. हरभऱ्यातल्या अळ्या खायचं, आमचं काय घेत नव्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पर सातबाऱ्यावर परत अभयारण्याचा शिक्का नको, सायेब. पोरीच्या लग्नाला दोन एकर काढाय गेलो, तर इकता येईना. तवा पाखराचा लई राग आलता."

"आणि आता?"

"आता कुणाचा राग करायचा? पाखरूच ऱ्हायलं न्हाई," असं म्हणत ते पुढच्या वेलीकडे गेले.