कोडोलीच्या शिवारांतली ऊब

कोल्हापुराहून पुण्याच्या रस्त्यानें निघून वाठारपाशीं डाव्या हातास वळलें म्हणजे ऊस लागतो, तो कोडोलीच्या वेशीपर्यंत सोबत करतो. दक्षिणेस जोतिबाचा डोंगर, नैर्ऋत्येस पन्हाळा, उत्तरेस वारणेचें पात्र आणि शेजारींच वारणानगरचा साखर कारखाना. पन्हाळ्यास जाणारे प्रवासी पुष्कळ. कोडोलीस मुद्दाम येणारे थोडे. आम्ही गेलों तें फाल्गुनाच्या आरंभीं, एका सेवानिवृत्त गुरुजींच्या घरीं पाहुणे म्हणून.

फाल्गुनांत या भागाची हवा मोठी चमत्कारिक असते. दुपारीं ऊन भाजून काढतें आणि पहांटे घोंगडी ओढून घ्यावी लागते. कारखान्यांमुळें गुऱ्हाळें पूर्वीपेक्षां कमी झालीं खरीं, परंतु जीं आहेत त्यांच्या चुलवाणांत चिपाडांचा जाळ अद्याप धडधडत असतो. गुरुजींसह आम्ही एका संध्याकाळीं तिकडे गेलों. काहिलींतला रस गुळाच्या रंगावर येत होता. काम आटोपल्यावर गुळव्यानें आम्हांस बजावलें कीं, अंधारांत चिपाडांच्या ढिगांत हात घालूं नका. उंदरांच्या मागें धामण येते, आणि एकदां ऊब मिळाली म्हणजे ती लवकर हालत नाहीं.

परततांना बांधाच्या काळ्या दगडांवर आम्ही तळहात ठेवून पाहिला. सूर्य मावळून घटका होऊन गेली होती, तरी दगड कोमट होता. सापाचें रक्त आपल्यासारखें आपल्याच बळावर तापत नाहीं. बाहेरची उष्णता घेऊनच त्यास हालचाल करतां येते व खाल्लेलें पचवितां येतें. तो अशा दगडास पोट लावून पडतो. उजेड गेला, ऊब राहिली, आणि सापाचें काम भागलें. सूर्य या दोन्ही वस्तु एकत्र देतो, म्हणून माणसास त्या एकच वाटतात. त्या एक नव्हेत, हें जाणण्याची निकड गुरुजींच्या घरांत त्याच आठवड्यांत उत्पन्न झाली होती.

त्यांचा नातू अमेरिकेंत असतो. त्यानें तेथें एक पांढरा साप पाळला आहे. आपल्या धामणीच्याच कुळांतली ही बिनविषारी जात. मक्याच्या कोठारांभोंवतीं उंदीर टिपते, म्हणून तिकडे तिला मक्याचा साप म्हणतात. १९५३ साली उत्तर कॅरोलायनांत या जातीचा एक रंगहीन नर सांपडला, आणि पुढें १९६१ पासून अशीं पिलें माणसाच्या हातीं पैदा होऊं लागलीं. नातवाचा साप तीन आठवडे भक्ष्यास तोंड लावीत नव्हता. थंडीच्या भयानें त्यानें पेटीवर मोठा प्रखर दिवा टांगला होता, आणि दिवा जितका प्रखर करावा तितका साप कोपऱ्यांत अधिक दडत होता.

दूरध्वनीच्या पडद्यावर तें दृश्य पाहून आजींनीं प्रथम हात जोडले, आणि मग विचारलें, "अरे, ह्याला पापण्या असतात का रे?"

"नाहीं ग आजी."

"मग डोळ्यांवर दिवा कां लावलास? मिटूं कसे शकेल तो?"

आमच्या मतें साऱ्या प्रश्नाचें मर्म आजींनीं एका वाक्यांत सांगितलें. सापाच्या डोळ्यांवर पापणीऐवजीं पारदर्शक खवला असतो. इतर सापांच्या डोळ्यांत निदान काळें रंगद्रव्य असतें, तें जास्तीचा प्रकाश अडवितें. रंगहीन सापास तेंहि नाहीं. त्याचे लाल डोळे म्हणजे पडदे नसलेल्या खिडक्या. त्यास दडण्यावांचून दुसरा उपाय नाहीं, आणि दडला म्हणजे दिव्याखालची ऊबहि त्यास मिळत नाहीं. थंड पोटीं गिळलेलें भक्ष्य न पचतां बाहेर पडतें, म्हणून खाण्याची टाळाटाळ हें एका परीनें त्याचें शहाणपणच होय.

गुरुजींनीं मग नातवाकडून सारी मांडणी फिरवून घेतली. दिवा काढला. पेटीच्या एका तृतीयांश तळाखालीं उष्णता देणारी चटई आली, आणि ती उष्णतानियंत्रकास जोडली. हें यंत्र वगळूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगतों, कारण साप पोट भाजेपर्यंत जागा सोडीत नाहीं असें पुष्कळदां घडतें. उबदार बाजू सुमारें ३० अंश सेल्सियस, दुसरी २४ च्या आसपास. दोहों टोंकांस एकेक अंधारा आडोसा, म्हणजे ऊब कीं सुरक्षितता असा पेंच त्यास पडूं नये. वरून उष्णता द्यावयाचीच झाल्यास उजेड न देणारा चिनीमातीचा तापक जाळीबाहेर लावावा. दिवसरात्रीचें भान राहण्यास खोलींतला मंद प्रकाश बारा तास पुरे. रात्रीं तांबडा दिवासुद्धां नको, निखळ काळोख हवा. पांचव्या दिवशीं साप उबदार आडोशांत वेटोळें करून पडल्याचें कळलें, आणि नवव्या दिवशीं त्यानें उंदीर घेतला.

हें वाचून आमच्या कोणा तरुण वाचकास हौस वाटेल, म्हणून इकडची गोष्ट सांगणें अवश्य आहे. वारणेपलीकडचें बत्तीस शिराळा नागपंचमीच्या जिवंत नागांसाठीं प्रसिद्ध. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व पुढें उच्च न्यायालयाच्या आदेशांनीं त्या प्रथेसहि बंधन पडलें. नाग, धामण, घोणस घरांत ठेवणें हा गुन्हा आहे, मग तो काळा असो वा पांढरा. पांढऱ्या सापाच्या अंगीं धन दाखविण्याची शक्ति असते म्हणून त्यास हजारों रुपये देऊं करणारे लोक असतात. त्यांस दारांतूनच परत पाठवावें. अंगाच्या रंगामुळें घारीस व मुंगसास तो लांबून दिसतो, म्हणून रानांत असे साप मोठे होतात तेच मुळीं थोडे. ऊसतोडींत असा एखादा दृष्टीस पडलाच, तर कोयता थांबवून वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें, आणि माणसें येईपर्यंत त्याच्यावर विजेरी रोखूं नये.