पॉइंट नसलेला ऋतू

मार्चचा मध्य होता. ताम्हिणीच्या रस्त्यावर, मुळशीचं पाणी मागे पडल्यावर, एका वळणावर पांगारा फुलला होता. अंगावर पान नाही, सगळं झाड लाल, आणि त्या लालात नुसती हमरीतुमरी. मैना, बुलबुल, कोतवाल, आणि मोठ्यांची भांडणं चालू असताना खालच्या फांदीवर गुपचूप आपलं काम उरकणारा शिंजीर. मी मान वर करून उभी होते. एक गाडी थांबली, काच खाली झाली आणि आतल्या मुलाने विचारलं, "काकू, इथं पॉइंट कुठला?"

"पॉइंट नाही. पांगारा आहे."

"मग पुढे आहे का?"

"असेल."

काच वर गेली. मागच्या सीटवरच्या आजींनी मात्र जाता जाता झाडाकडे बघून हात जोडले. झाडामागे देऊळ असावं, असं त्यांना वाटलं असणार.

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. आपल्याकडे सहल म्हटली की पॉइंट लागतो. रेलिंग, मक्याचं कणीस, घोडेवाला, खाली दरी, दरीकडे पाठ करून उभं राहिलेलं कुटुंब. ही सवय आपली नव्हे, साहेबाची. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने १८२८च्या सुमारास महाबळेश्वर वसवायला घेतलं आणि मग उन्हाळा आला की मुंबई सरकारचं बिऱ्हाड डोंगरावर चढू लागलं. साहेब वसंत बघायला वर गेला नाही, घामापासून पळाला. वर पोचल्यावर संध्याकाळी करायचं काय, म्हणून त्याने कड्याकड्यांना नावं दिली. विल्सन, लॉडविक, बॅबिंग्टन, केट. माथेरानला लुईझा आणि अलेक्झांडर. साहेब गेला, त्याची संध्याकाळची फेरी तेवढी आपण चालू ठेवली.

माझं महाबळेश्वरशी वैर नाही. फक्त तिथे दरीकडे पाठ करावी आणि मागचं रान बघावं, असं मला वाटतं. बुटकं, गच्च, वाऱ्याने वाकवलेलं रान. जांभूळ, पिसा, हिरडा आणि अंजनी. एप्रिलच्या आगेमागे अंजनीच्या फांद्यांना थेट सालीतून निळे झुबके फुटतात. निळा रंग झाडांना सहसा परवडत नाही. अंजनी तो उधळते. विल्सन पॉइंटवर, म्हणजे १,४३९ मीटरवर, पहाटेच्या अंधारात शेकडो माणसं सूर्याची वाट बघत उभी असतात. उजाडलं की तीच माणसं त्या झुबक्यांना घासून नाश्त्याला पळतात.

खरी अडचण पॉइंटाचीही नाही, वेळापत्रकाची आहे. आपला वसंत परीक्षेत जातो. काटेसावर फुलते तेव्हा सराव परीक्षा. पळस पेटतो तेव्हा दहावीचे पेपर. कुसुमाला तांब्याच्या रंगाची पालवी येते तेव्हा मुलं भूगोलाच्या वहीत 'महाराष्ट्रातील वनसंपत्ती' पाठ करत असतात. निकाल हातात पडून गाड्या निघतात तोवर पळसाला चपट्या शेंगा लोंबत असतात. पळसाला पानं तीनच, ही म्हण ज्याने केली तो माणूस नक्की मे महिन्याच्या सुट्टीत फिरणारा असणार. फाल्गुनात पळसाला एकही पान नसतं.

आधीच्या लोकांनी ही गोष्ट चंद्रावर सोपवली होती, शाळेवर नव्हे. चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलालाने माणसं ओळखू येत नाहीत. रामनवमीपासून त्याच पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीच्या गडाकडे खानदेशातून माणसं चालत येतात. बैलगाडीत आजी, कडेवर पोर, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. त्याला कोणी सहल म्हणत नव्हतं, पण झाडं बघत, ऊन खात, ओढ्याकाठी जेवत जाणं दुसरं काय असतं? आणि विदर्भात, मेळघाटात किंवा गडचिरोलीकडे, मोहाच्या दिवसांत पहाटे सगळं घर टोपल्या घेऊन रानात असतं. मोहाची फुलं रात्रीतून गळतात. ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. झाडाखालची जागा आधीच झाडून लख्ख केलेली. म्हातारी, सुना, नातवंडं, सगळी वाकलेली. अस्वलालाही हा मेवा आवडतो, त्यामुळे गप्पा मोठ्याने चालतात. ताडोब्याला जाणारी जिप्सी अशा झाडाजवळून धूळ उडवत जाते, कारण आतल्या मंडळींना वाघ हवा असतो.

तर पांगाऱ्याच्या त्या दिवशी आम्ही चाललो होतो वेळासला, कासवाची पिल्लं बघायला. मंडणगड तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. वहिनीचं म्हणणं, तिसरीतल्या पोरीची शाळा बुडवायची नाही. भावाचं म्हणणं, कासवाच्या अंड्यांना शाळेची सुट्टी कळत नाही. भाची काही बोलली नाही. तिने दप्तराच्या आधी टोपी भरली होती. आम्ही माणगावहून म्हसळ्याकडे वळलो आणि हरिहरेश्वरच्या अंगाने बागमांडल्याला उतरलो. तिथे गाडी फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडे वेसवीला उतरायचं. मधलं पाणी बाणकोटच्या खाडीचं, म्हणजे सावित्रीचं.

ही सावित्री क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळातली. तिथे गोमुखातून पाणी पडतं आणि पुजारी सांगतात, यात पाच नद्या आहेत. कृष्णा, वेण्णा, कोयना पूर्वेची लांबची वाट धरतात. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून थेट कोकणात येते आणि इथे, बोटीच्या इंजिनाच्या धडधडीखाली, समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यावर वरून जो कडा झुकलेला आहे, तो आर्थर सीट. महाबळेश्वरच्या सगळ्या पॉइंटांचा राजा. ज्याच्या नावाचा तो कडा, त्या आर्थर मॅलेटची गोष्ट तिथले वाटाडे अजून सांगतात. त्याची बायको आणि तान्हं मूल सावित्रीच्या पाण्यात होडी बुडून गेलं. मग तो वर कड्यावर बसून खाली त्या नदीकडे बघत राहायचा. तिथे गेलेल्या कुठल्याही कुटुंबाने ही गोष्ट ऐकलेली असते. ऐकायची, चुकचुकायचं, आणि टोपी वाऱ्यावर सोडून ती परत वर येते का बघायचं.

या आर्थरचा भाऊ ह्यू. ठाण्याचा कलेक्टर. १८५० साली तो चौकच्या बाजूने माथेरानवर चढला आणि साहेबांना दुसरा डोंगर मिळाला. नेरळची छोटी गाडी पुढे १९०७ साली आली, ती आदमजी पीरभॉय घराण्याच्या पैशाने आणि हट्टाने. म्हणजे मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाने पिढ्यान् पिढ्या ज्या दोन डोंगरांवर मे महिने काढले, त्या दोन्हींवर या दोन भावांच्या खुणा. आणि त्यांचा बाप कोण? चार्ल्स मॅलेट, पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील. १७९० साली टिपूविरुद्ध पुण्यात जो तह झाला, तो इंग्रजांच्या बाजूने त्याने केला. समोर दरबार सवाई माधवरावांचा, पण कारभार नाना फडणवीसांचा. नानांचं मूळ गाव वेळास.

मी हे सगळं बोटीच्या कठड्याला रेलून भावाला सांगत होते. बापाने ज्या मुत्सद्द्याशी शब्दाशब्दावर घासाघीस केली असेल, त्याच्याच गावाजवळच्या पाण्यात पोराचा संसार बुडाला, असं सांगतात. नाना या गावाचे हे बापाला ठाऊक असेल का? आपण सावित्रीच्या उगमाशी बसून तिच्या मुखाकडे बघतोय, हे आर्थरच्या मनात यायचं का? भाऊ म्हणाला, "ताई, त्या माणसाची बुलेट सरकतेय बघ." बोट किनाऱ्याला लागली. एका कड्याला नाव पडतं आणि माणूस त्यातून निघून जातो, राहतो तो मक्याचा वास, असं काहीतरी मला म्हणायचं होतं. ते राहून गेलं.

वेळासला हॉटेल नाही म्हटलं तरी चालेल. लोक आपल्या घरातच पाहुणे उतरवतात. सारवलेलं अंगण, माडा-पोफळींच्या सावल्या, पडवीत गाद्यांची चळत. घरच्या काकूंनी पाणी दिलं आणि कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं, "सकाळी सातला टोपली उचलतात, संध्याकाळी सहाला उचलतात. असलं तर असतं. नसलं तर नसतं. जेवायला किती जण?"

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी हातभर खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, वर अंग आपटून ती दाबते आणि परत जाते. पुन्हा बघायला येत नाही. पूर्वी पहाटे माग काढत माणसं पोचायची आणि अंडी घेऊन जायची, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावातल्या लोकांना बरोबर घेऊन हे थांबवत आणलं. आता पहाटे माग काढणारी माणसं अंडी उचलतात ती जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरायला. साधारण पन्नासेक दिवस. त्यांचे दिवस भरत आले की प्रत्येक खड्ड्यावर टोपली उपडी ठेवायची, म्हणजे वर आलेली पिल्लं पांगत नाहीत. मग टोपली उचलायची. अंडं उबतं ते वाळूच्या उष्णतेवर, आणि पिल्लू नर की मादी हेही तीच ठरवते. वाळू गार तर नर, तापली तर माद्या. भाचीला हे फार पटलं. "म्हणजे सावलीत मुलगे," ती म्हणाली.

वेळासच्या एका मादीच्या पाठीवर जानेवारी २०२२मध्ये उपग्रहाला खुणावणारं यंत्र बसवलं. महाराष्ट्रात असं पहिल्यांदाच झालं, म्हणून तिचं नाव प्रथमा. ज्या आईचा ठावठिकाणा आजवर कोणालाच कळत नव्हता, तिच्यामागे आता आकाशातून डोळा होता. मला हे आवडलं की नाही, ठरत नाही.

संध्याकाळी सहाला दोरीच्या अलीकडे बरीच माणसं होती. पहिली टोपली उचलली. वाळू. दुसरी उचलली. वाळू. टोपली उचलणारा माणूस प्रत्येक वेळी वाकून, हाताने वरची वाळू हळूच चाचपून, तशीच ती परत ठेवत होता. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "मग पुढचा शो किती वाजता?" त्यांची काही चूक नव्हती. ते लांबून आले होते. सकाळी सातला पुन्हा तेच: टोपली, वाळू, टोपली, वाळू. दोरीपाशी निम्मी माणसं उरली होती. बाकीच्यांनी हरिहरेश्वर गाठलं असणार. तिथला समुद्र दिवसातून कुठल्याही वेळी असतो.

पिल्लं मी पाहिली ती नंतरच्या एका वर्षी, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. तळहातावर मावणारी काळी पिल्लं, पाण्यापासून मुद्दाम दूर सोडलेली, आपल्या बळावर सरपटत गेली. हजारात एखादं मोठं होतं म्हणतात. सगळे ते मोबाइलमधून बघत होते. मीही.

रिकाम्या टोपलीच्या त्या सकाळी मात्र काकूंनी ओल्या काजूंची उसळ केली होती. मार्चमध्ये कोकणात जायचं ते यासाठी, हे माझं ठाम मत आहे. हापूसचं कौतुक नंतर बघू. मार्चमधला हापूस म्हणजे पेटीच्या भावात विकत घेतलेली घाई. ओला काजू हिरव्या बीमधून कोयत्यावर चिरून काढावा लागतो, त्याचा चीक हात भाजतो, आणि काकूंची बोटं त्याने काळवंडली होती. वाटीभर उसळीसाठी किती बिया सोलल्या असतील याचा हिशोब वहिनीने मनात केला, आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना ती ओशाळली. मी नाही ओशाळले.

परतताना आम्ही मंडणगडवरून आलो. वाटेत उतारावर करवंदीच्या जाळ्या होत्या, पांढऱ्या फुलांनी भरलेल्या. म्हणजे अजून महिना-दीड महिना. करवंदांच्या बाबतीत तरी मे महिन्याची सुट्टी वेळेवर येते, एवढं शाळेच्या बाजूने बोलायला हवं. घाटाच्या वळणावर पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन मुली उभ्या असतात. द्रोण घ्यायचा, गाडी बाजूला लावायची आणि खेळायचं. करवंद हातात धरून आधी सांगायचं, कोंबडा की कोंबडी? मग चावायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हरला त्याने पुढच्या द्रोणाचे पैसे द्यायचे. आमच्या आजीपासून हा नियम आहे आणि त्यात एकच भानगड आहे. भाऊ तोंड फिरवून आधी चावतो, मग सांगतो. आजतागायत त्याने एकाही द्रोणाचे पैसे दिलेले नाहीत, आणि भाची आता त्याच्याकडून शिकतेय.