हीटर नसलेलं ग्रीनहाऊस

मला पॉलिहाऊस माहीत होतं ते मावळातल्या गुलाबांचं. तिथे सगळी धडपड आतला उकाडा कमी करण्याची. डिसेंबरात लेहजवळच्या एका गावी आमा-लेंच्या (लडाखीत आईला आदराने असं म्हणतात) ग्रीनहाऊसमध्ये मदतीला गेलो, तेव्हा बाहेर रात्री पारा उणे १५ च्याही खाली उतरत होता. आत शिरताच मी हीटर शोधू लागलो. बुखारीची शेगडी नाही, गरम पाण्याचे पाइप नाहीत, विजेची तारसुद्धा नाही. पालक मात्र हिरवागार.

"ऊब येते कुठून?" मी विचारलं. आमा-लेंनी माझा हात उत्तरेकडच्या काळ्या भिंतीवर टेकवला. सूर्य मावळून गेला होता, तरी भिंत कोमट होती.

ही भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. दोन्ही मातीच्या विटांच्या, मधल्या पोकळीत पेंढा ठासलेला. आतल्या विटा दिवसभर तापतात. पेंढा ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पश्चिमेची भिंतही आतून काळी. पूर्वेची पांढरी, उजेड पिकावर परतावा म्हणून. प्लास्टिकचं आवरण मात्र दक्षिणेकडेच का, हे मला उमगेना. डिसेंबरात भर दुपारीही लेहचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर येतो, पुण्यात ४८. म्हणजे ऊन येणार ते तिरकं, दक्षिणेकडूनच. हे कळल्यावर सगळी बांधणी एकदम उलगडली.

एका दुपारी आत घाम फुटला आणि आमा-लेंनी छपराची झडप उघडायला सांगितली. माझ्या जिवावर आलं. एवढी साठवलेली ऊब सोडून द्यायची? पण दमट हवा कोंडली की पानांवर बुरशी धरते.

पाणीही सकाळीच, म्हणजे ओल्या मातीला तापायला दिवस मिळतो. संध्याकाळी पाणी द्यायची माझी सवय तिथे निरुपयोगी. सूर्य डोंगराआड जायच्या आत प्लास्टिकवर पडदा ओढायचा, कारण पॉलिथिन रात्री काचेपेक्षाही जास्त उष्णता बाहेर सोडतं.

लडाखभर अशी ग्रीनहाऊस उभारण्याच्या कामासाठी जेरेस या फ्रेंच संस्थेला २००९ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तो मला अगदी योग्य वाटतो. थंड मुलखात ग्रीनहाऊस बांधणार असाल, तर पहिला पैसा जाड भिंतीवर आणि रात्रीच्या पडद्यावर घाला. मात्र लडाखला वर्षाचे तीनशेच्या आसपास दिवस ऊन मिळतं. जिथे आठवडेच्या आठवडे आभाळ भरून राहतं, तिथे नुसत्या भिंतीवर भागणार नाही.