चाकण कोणत्या कपाटात?

"मॅडम, चाकणवर एखादं पुस्तक आहे का?" प्रकल्पाचे विषय ठरू लागले की हा प्रश्न ग्रंथालयात माझ्या टेबलापाशी येतोच. आमचं कॉलेज पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातलं, चाकणची औद्योगिक वसाहत जवळच. निम्म्या मुलांच्या घरी कोणी ना कोणी कंपनीत, तेव्हा विषय दारातलाच निवडतात. मी सांगते, पुस्तक मागू नकोस, आधी प्रश्न सांग.

कारण ड्युईच्या दशांश वर्गीकरणात पुस्तकाची जागा ठरते ती विषयावरून. कंत्राटी कामगार ३३१ मध्ये, जमीन ३३३ मध्ये, मोटारगाड्या ६२९.२ मध्ये, कांदा ६३५ मध्ये. १६६० साली शाइस्ताखानाविरुद्ध चाकणचा किल्ला संग्रामदुर्ग झुंजवणारा फिरंगोजी नरसाळा थेट ९५४ मध्ये. ज्याच्या बापाची जमीन एमआयडीसीत गेली आणि जो आज तिथेच कंत्राटावर उभा आहे, त्याच्यावर लिहायचं तर ३३१ आणि ३३३ दोन्ही कपाटं उघडावी लागतात. ही सांगड वर्गांक घालून देत नाही, ती अभ्यासकाने घालायची.

सुरुवातीला मी बहुधा धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी हातात देते. पहिला भाग १९४५ चा, दुसरा १९५२ चा. म्हणजे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली त्याच्याही आधीचा. मुलं कुरकुरतात, "आकडे जुने आहेत." असू देत. कुटुंबाला उत्पन्नाबद्दल, घरभाड्याबद्दल, शिक्षणाबद्दल नेमकं काय विचारायचं, हे तिथे शिकावं. गूगल फॉर्मवर दहा प्रश्न टाकून मित्रांना पाठवणं म्हणजे पाहणी नव्हे.

मग शोधगंगा, म्हणजे विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. प्रबंध उघडला की आधी शेवटची संदर्भसूची पाहायची, तिथून मागे यायचं. शिफारशींचं प्रकरण बहुतेक वेळा वगळलं तरी बिघडत नाही. वाङ्मयचौर्याविरुद्धच्या २०१८ च्या यूजीसी नियमांनंतर मुलांना धास्ती फक्त साम्याच्या टक्क्यांची. दहाच्या आत आले की सुटलो! वाक्यं फिरवण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात १८८५ च्या पुणे गॅझेटियरमधली चाकणची नोंद वाचून होईल.

सर्वांत कमी उघडलं जातं ते राजपत्र. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ च्या कलम ३२ खाली जमीन संपादित होते, आणि तिच्या अधिसूचनेत गावाचं नाव, गट क्रमांक, क्षेत्र असं सगळं छापलेलं असतं. निघोजे, महाळुंगे, खालुंब्रे ही नावं कंपन्यांच्या पत्त्यांत वाचलेली मुलं त्या रकान्यांवर थबकतात. कुणाला आपल्याच भावकीचा गट दिसतो. तिथून पुढचं काम माझ्या कपाटांत नाही. त्या गटाचा सातबारा आणि फेरफार काढायला मी त्यांना तलाठ्याकडे धाडते.