मास्तर व्हायचंय? मग आधी वही-पेन्सिल घ्या!

दोस्तांनो, आमच्या भंडारा जिल्ह्यात एखाद्या मुलाला किंवा मुलीला विचारा, "मोठेपणी कोण होणार?" दहांतले दोन-तीन तरी म्हणतातच, "मास्तर", "मॅडम". यात नवल काही नाही. गावात धानाची शेती. पाऊस आला तर पीक, नाही तर उसनवारी. अशा गावात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार घेणारा माणूस म्हणजे शाळेतला शिक्षक. शिवाय लहान मुलांना शिकवण्याचा आनंद असतो, तो वेगळाच.

तर ही इच्छा चांगलीच आहे. पण शिक्षक होण्याची पदवी किंवा पदविका किती रुपयांना पडते आणि किती रुपये मिळवून देते, याचा हिशेब तुम्ही कधी केलाय? माझ्या भाचीने केला. लाखनी तालुक्यातल्या एका खेड्यात ती राहते. बारावी झाली तेव्हा गावात सगळे म्हणाले, "बी.एड. कर, ते मोठं असते." तिचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, रस्त्याकाठची अर्धा एकर बांधी विकून तिला नागपूरला ठेवायला तयार झाले होते. ती मला म्हणाली, "मामाजी, बांधी गेली तर परत येणार नाही जी. आधी मांडून तर पाहू."

मग आम्ही मांडायला बसलो. पहिला प्रश्न पैशांचा नव्हताच. कोणत्या वर्गाला शिकवायचं, हा होता. ती म्हणाली, "पहिली ते चौथी." इथेच अर्धा निकाल लागला! ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. चालणार नाही. त्यासाठी डी.एल.एड. लागतं, म्हणजे पूर्वीचं डी.एड. बारावीनंतरचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. बी.एड. मात्र पदवीनंतर करायचं असतं आणि २०१५ पासून तेही दोन वर्षांचं झालं. म्हणजे बारावीपासून मोजली तर पाच वर्षं. नववी-दहावीला शिकवायचं असेल तर तोच रस्ता बरोबर. पण पहिलीतल्या पोरांना शिकवायचं तर तीन वर्षं जास्त घालवून चुकीच्या दारात उभं राहायचं!

आता आकडे. हे आमच्या वहीतले आहेत, तुमचे वेगळे येतील. नागपूरला खोली आणि मेस मिळून महिन्याला ५,००० रुपये, वर्षातले दहा महिने, पाच वर्षं: २,५०,०००. फी आणि पुस्तकं १,००,०००. झाले साडेतीन लाख. घरून एस.टी.ने जाऊन सरकारी विद्यालयात डी.एल.एड. केलं तर फी, पास, वह्या-पुस्तकं धरून ५०,०००.

इथे बहुतेक जण बेरीज थांबवतात. भाचीने थांबवली नाही. ती म्हणाली, "शिकायला गेली नसती तर मी दुकानात किंवा शिवणात महिन्याला सात हजार कमावले असते. ते कुठं लिहू?" बघा, केवढा शहाणा प्रश्न! न मिळालेली कमाई हाही खर्चच. दोन वर्षांचे १,६८,००० झाले, पाच वर्षांचे ४,२०,०००. म्हणजे एक रस्ता २,१८,००० चा, दुसरा ७,७०,००० चा.

आता कमाई. आपल्या राज्यात नवा शिक्षक पहिली तीन वर्षं 'शिक्षण सेवक' असतो. २००० साली ही योजना आली. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला बरीच वर्षं ६,००० रुपये मिळत. जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले. तीन वर्षांचे होतात ५,७६,०००. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी लागते. प्राथमिकची मूळ पगाराने २९,२०० पासून सुरू होते, वर महागाई भत्ता. वाचताना बरं वाटतं ना? भाऊजींचाही चेहरा खुलला.

पण थांबा. हा पगार पदविका हातात पडल्याबरोबर सुरू होत नाही. आधी 'टीईटी' ही पात्रता परीक्षा, मग 'टेट' ही अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर निवड. मे २०१२ मध्ये सरकारने शिक्षकभरती थांबवली होती. अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१७ मध्ये, आणि दुसरी थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये! मधली पाच वर्षं हजारो मुलं-मुली पदविका पेटीत ठेवून बसली. तिसरी चाचणी २०२५ मध्ये झाली.

म्हणून वहीत आणखी एक ओळ लिहावी लागते: वाट पाहण्याचा खर्च. वर्षाला १,९२,००० मिळायचे तिथे सात हजारांप्रमाणे ८४,००० च मिळाले, तर तोटा १,०८,००० चा. अशी तीन वर्षं गेली तर ३,२४,०००. म्हणजे शिकण्याच्या सगळ्या खर्चापेक्षा वाट पाहणंच महाग! फी सगळ्यांना दिसते, कारण तिची पावती मिळते. वाट पाहण्याची पावती कोणी देत नाही.

पालकहो, आपला शेतकरी हे जाणतोच. पऱ्हे टाकले म्हणजे रोवणी झाली, असं तो कधी म्हणत नाही. पाऊस लांबला तर काय, याचा विचार तो आधी करून ठेवतो. पोरीच्या शिक्षणाच्या वेळी मात्र आपण बियाण्याचा भाव तेवढा विचारतो.

मग भाचीने काय केलं? तिने हिशेब केला, पण इच्छा सोडली नाही. डी.एल.एड.लाच नाव घातलं आणि सोबत शिवण शिकली. आता पदविका झाली आहे. संध्याकाळी गावातल्या पोरांच्या शिकवण्या, दुपारी मशीन आणि पहाटे टीईटीचा अभ्यास. वाट तीही पाहते आहे, पण रिकाम्या हाताने नाही. आणि रस्त्याकाठच्या बांधीत याही वर्षी धान उभं आहे.

तुम्हीही एक कोरं पान घ्या आणि तीन प्रश्न लिहा. मला कोणत्या वर्गाला शिकवायचंय? शिकायची आणि थांबायची मिळून किती वर्षं? थांबलो तर तोवर पोट कशावर भरेन? तिन्हींपुढे उत्तर लिहिता आलं आणि तरीही मुलांना शिकवावंसं वाटलं, तर खुशाल मास्तर व्हा. असा हिशेब करून आलेला मास्तर आमच्या शाळांना हवाच आहे!