डाव्या हाताची विद्या

कीर्तन आटोपून घरीं परतणारी मंडळी वाटेंत बुवांच्या आख्यानाची वाखाणणी करितात, पेटीवाल्याच्या सुरेलपणाचें कौतुक करितात, आणि तबल्याची गोष्ट निघालीच तर उजव्या हाताच्या बोटांची चपळाई आठवितात. डाव्या हाताखालच्या डग्ग्याचें नांव मात्र सहसा कोणी काढीत नाहीं. घराच्या पायाची स्तुति कोण करितो? गारखेड्यांत व आसपासच्या वसाहतींत आम्ही गेलीं ३० वर्षें कीर्तनांची व भजनांची साथ करीत आलों आहों. त्या अनुभवाच्या आधारें ह्या उपेक्षित वाद्याविषयीं, तें विकणाऱ्यांविषयीं आणि विशेषेंकरून तें मढविणाऱ्यांविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

डग्ग्याचें काम काय, हें पाहावयाचें असेल तर त्रितालाचा आपल्याकडील प्रचलित ठेका घ्यावा. मात्रा १६. त्यांतील 'धा' हा बोल म्हणजे दोन हातांचा संसार होय. उजव्याचा 'ता' आणि डाव्याचा 'घे' एकाच क्षणीं पडले म्हणजे 'धा' उमटतो. डग्गा काढून घ्या, मग उरतो तो कोरडा 'ता'. १० व्या मात्रेपासून १३ व्या मात्रेपर्यंत डग्गा मौन धरितो आणि १४ व्या मात्रेस पुनः बोलूं लागतो. हें मौन ऐकूनच गाणाऱ्यास आवर्तनांतील आपलें ठिकाण उमगतें व तो निर्धास्तपणें समेकडे वळतो. कोठें बोलावें ह्याइतकेंच कोठें बोलूं नये हेंही डग्ग्याला ठाऊक असावें लागतें. आणि हा गुण मनुष्यांत किती विरळा आहे, हें शाळेंत जन्म घालविलेल्या आमच्यासारख्यास सांगावयास नकोच!

चर्मवाद्यांची कुळकथा मोठी रम्य आहे. नाट्यशास्त्रांत ती अशी येते कीं, स्वाति नांवाचे ऋषि पावसाळी दिवशीं सरोवरावर पाणी आणावयास गेले असतां, कमळाच्या लहानमोठ्या पानांवर पडणाऱ्या धारांचे निरनिराळे ध्वनि त्यांच्या कानीं पडले. आश्रमांत परतून त्यांनीं त्या ध्वनींवरून पुष्कर वाद्यें निर्माण केलीं. वाद्याच्या मुखावर नदीकांठची काळी माती लावून स्वर साधण्याची रीतिही त्याच ग्रंथांत सांगितली आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडावर आजही कणीक लावितात, ती ह्याच कुळांतली. तबल्यावर व डग्ग्यावर तिचें स्थान कायमच्या शाईनें घेतलें. ह्या शाईचें मर्म सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं आपल्या एका सहकाऱ्यासह १९२० सालीं 'नेचर' पत्रांत जगापुढें मांडिलें. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशीं पूर्णांकांच्या प्रमाणांत बसत नाहींत. मध्यें शाईचा भार दिला म्हणजे ते प्रमाणांत येतात, आणि नुसत्या दणक्याचा सूर होतो. रामन यांस नोबेल पारितोषिक मिळालें तें १९३० सालीं, प्रकाशाच्या शोधाबद्दल. पण मृदंगाच्या कारागिरांचें शहाणपण त्यांनीं त्याच्या १० वर्षें आधींच ओळखिलें होतें. आमच्या शहराच्या उत्तरेस डोंगरांत जीं औरंगाबाद लेणीं आहेत, त्यांतील ७ व्या लेण्याच्या गाभाऱ्यांत एक नर्तकी व तिच्या भोंवतीं वाद्यें वाजविणाऱ्या सहा स्त्रिया कोरलेल्या आहेत. त्यांतील चर्मवाद्यावरचा हात पाहिला म्हणजे ही विद्या ह्या मातींत किती जुनी आहे तें कळतें.

आतां बाजाराची गोष्ट. डग्गा घ्यावयाचा तो डोळ्यांनीं नव्हे, कानांनीं व हातांनीं घ्यावा. एकदां आम्ही शहरांतील एका दुकानांत गेलों असतां दुकानदारानें आरशासारखें चकाकणारें भांडें पुढें ठेविलें. उचलून पाहतों तों पत्रा पातळ आणि भांडें हलकें. अशा भांड्यावर 'घे' मारिला तर तो डब्यासारखा वाजून क्षणांत विझतो. जड तांब्याच्या भांड्यांत तोच 'घे' घुमत राहतो, आणि मनगटाच्या दाबानें तो आवाज मींड घ्यावी तसा वर ओढतां येतो. कोपऱ्यांत धूळ खात पडलेलें एक काळवंडलेलें तांब्याचें भांडें आम्हीं मागितलें. "गुरुजी, हें जुनाट कशाला नेतां?" असें तो हंसत म्हणाला. तेंच भांडें गेलीं २२ वर्षें आमच्या डाव्या हाताखालीं आहे. तबले मात्र दोनतीन बाळगावे लागतात. कारण एक बुवा काळी एकमध्यें गातात, तर दुसरे काळी चारमध्यें. डग्गा एकच असला तरी सर्वांशीं जुळवून घेतो.

भांडें टिकतें, पण पुडी टिकत नाहीं. वैशाखाच्या उन्हांत ती ताणून उलण्याच्या बेतास येते, आणि श्रावणाच्या सर्द हवेंत सैल पडून आवाज भिजलेल्या घोंगडीसारखा होतो. पुडी मढवून देणारे आमचे कारागीर जुन्या शहरांत राहतात; धर्मानें मुसलमान, वयानें आमच्याहून १० वर्षांनीं वडील. आम्ही त्यांस 'उस्ताद' म्हणतों व ते आम्हांस 'मास्तरसाहेब'. त्यांच्या ओट्यावर बसून शाई चढतांना पाहणें हें आमच्या मतें एक शिक्षणच आहे. लोहचूर्ण व खळ एकत्र मळून त्याचा पातळ थर द्यावयाचा, तो सुकत आला कीं दगडानें घोटावयाचा, पुनः थर, पुनः घोटणें. असे कितीतरी थर. घोटतां घोटतां त्यांत केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या भेगांमुळेंच तो कठीण लेप कातड्यासह लवूं शकतो. तबल्याची शाई मधोमध, डग्ग्याची एका अंगास. कारण दुसऱ्या अंगास मनगट टेकावयाचें असतें. आम्हीं एकदां लवकर देण्याची गळ घातली, तेव्हां ते इतकेंच म्हणाले, "मास्तरसाहेब, शाईला घाई चालत नाहीं." मिरजेचे हरिदास व्हटकर यांनीं झाकीर हुसेनांचे तबले घडविले, हें झाकीर हुसेन २०२४ सालीं निवर्तल्यावर पुष्कळांस प्रथमच कळलें. आमच्या उस्तादांचें नांव तेवढेंही कोणी घेत नाहीं. आतां त्यांचा हात कांपूं लागला आहे, आणि दोन्ही मुलगे वाळूजच्या कारखान्यांत नोकरीस आहेत. त्यांना दोष कसा द्यावा? एका पुडीवर एका माणसाचाही महिना निघत नाहीं.

साथीदाराच्या बिदागीचेंही तसेंच. आम्हांस निवृत्तिवेतन आहे, तेव्हां देवाच्या दारीं पैसे कशाला घ्यावयाचे, असें आमच्या कुटुंबाचें म्हणणें. आम्ही मात्र ठरलेली बिदागी घेतोंच. पेन्शनवाला फुकट वाजवूं लागला तर ज्या तरुणाचें पोट ह्याच विद्येवर आहे, त्याला बोलावील कोण? घेतलेली बिदागी पुड्यांच्या खर्चास जाते, हें आतां घरींही मान्य झालें आहे. बालगंधर्वांनीं अहमदजान थिरकवांसारखा तबलजी आपल्या मंडळींत सन्मानानें ठेविला होता; साथीला मान दिल्यानें गाण्याचा मान कमी होत नाहीं, हें त्यांस ठाऊक होतें.

यंदा चैत्रांत आमच्याकडील एका उत्सवमंडळाच्या सभेंत अशी सूचना आली कीं, विद्युत् तालयंत्र आणावें, म्हणजे तबलजीचा खर्च वांचेल. तालयंत्राशीं आमचें वैर नाहीं. चिरंजीवांनीं आमच्या मोबाईलमध्यें तें घालून दिलें आहे, आणि पहाटेच्या रियाजास तें फार उपयोगी पडतें. तें थकत नाहीं व लयही सोडीत नाहीं. पण कीर्तनांत नेमका हाच त्याचा दोष ठरतो. आख्यानांत बुवांचा कंठ दाटून येतो, ते एका शब्दावर थबकतात, आणि श्रोत्यांत निःशब्द शांतता पसरते. त्या क्षणीं तबलजी हात उचलून धरितो. यंत्र वाजतच राहतें. हें आम्हीं सभेंत उभें राहून सांगितलें. वाद पुष्कळ झाला. अखेर, ह्या वर्षापुरता तबलजी ठेवावा व पुढील वर्षाचें पुढें पाहावें, असें ठरलें. म्हणजे मुदत मिळाली, निर्णय नव्हे.

एक गोष्ट आम्हांस नेहमीं विचारांत पाडिते. आपल्या घरांत सोंवळ्याच्या वेळीं चामड्याचा पट्टा देवघराच्या उंबऱ्याच्या आंत येत नाहीं. परंतु त्याच देवापुढें कातड्यानें मढविलेला मृदंग शतकानुशतकें चालत आला आहे. वाद्य आंत आलें, मढविणारा मात्र बाहेरच राहिला. पुढच्या उत्सवांत उस्तादांस श्रोत्यांच्या पहिल्या रांगेंत बसवावें, बुवांच्या बरोबरीनें त्यांस श्रीफळ द्यावें, आणि मंडळाच्या खर्चांत दरसाल दोन पुड्यांची तरतूद असावी, असा अर्ज आम्हीं मंडळाकडे दिला आहे. शिवाय एका होतकरू मुलानें त्यांच्या ओट्यावर बसून शाईचें काम शिकावें, म्हणून त्याच्या वडिलांचें मन वळविणेंही चाललें आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या गांवीं असा एखादा कारागीर असेल, त्यांनीं ह्या वर्षीं त्याच्याकडे एकतरी पुडी मढवावयास टाकावी. हात थरथरत आहे तोंवरच शिकणारा शेजारीं बसला पाहिजे.